कार्डिफच्या किकरसाठी दोन नवस

१८ जानेवारी २०२६, रविवार. मेडनहेड

हदार चांगली नोकरी सोडून अमेरिकन फुटबॉल खेळायला निघाली आहे. आज दुपारी जेवताना तिनं हे सांगितलं आणि वर आणखी बटाटे वाढून घेतले.

हदार माझी नात, गिडियनची एकुलती एक मुलगी. ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी मुंबईत सातवीपर्यंत शिकलो आणि इथे येऊन लंडनच्या बस गॅरेजात नोकरी संपवली. माझी नात विमानाचे पंख करते हे मी केस कापणाऱ्यालासुद्धा सांगून ठेवलं आहे. आता त्याला काय सांगू?

रविवारी ती कुठल्याशा क्लबात हा खेळ खेळते, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, लोक गाण्याच्या क्लासला जातात तसं असेल. पण आता कार्डिफला बायकांचा नवा संघ निघतो आहे आणि त्यात खेळाडूंना पगार मिळणार आहे. या खेळासाठी बायकांना पगार देण्याची इकडे ही पहिलीच वेळ, असं ती म्हणते. संघाचं नाव लँटर्न्स, म्हणजे कंदील. पुढच्या महिन्यात निवड आहे. घेतलं तर विमानाची नोकरी सोडावी लागेल.

गिडियन म्हणाला, तुझं तू ठरव. सून मिरियम दातांची डॉक्टर, तिनं दातांचं तेवढं विचारलं. माझ्या बायकोनं, शैलानं, काहीच विचारलं नाही. मी म्हटलं, ज्या खेळात डोक्यावर हेल्मेट घालतात त्यात डोक्यावर काहीतरी पडत असणार. हदार म्हणाली, "नाना, मी किकर आहे. मी फक्त बॉल मारते. माझा अंगाला कोण हात नाही लावत."

तिच्या मराठीत सगळ्या वस्तू पुरुष असतात.

शेवटी मी शब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, मुद्दा काढला. शनिवारी खेळणार का? सामने रविवारी असतात, असं कळलं. तोही मुद्दा गेला.

२३ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर झोप नीट नाही. डॉक्टरांनी साखर सोडा म्हणून सांगितलं आहे, ती सुटत नाही. आणि आता ही काळजी.

संध्याकाळी शब्बाथच्या किद्दुश प्रार्थनेसाठी भिजवलेल्या मनुकांचं सरबत गाळायला मी स्वयंपाकघरात मागे राहिलो. आम्ही कोकणातले यहुदी, बेने इस्राएल. आमच्यात काही अडलं की एलियाहू हन्नाबी या नबीची आठवण काढतात. काम झालं तर गोड पोह्यांचा मलिदा करीन, असा नवस बोलतात. माझ्या आईनं माझ्या पासपोर्टसाठी बोलला होता आणि पासपोर्ट आला होता.

मीही बोललो. हळू आवाजात, मराठीत, कारण हिब्रूत मला प्रार्थनेपलीकडे काही बोलता येत नाही. म्हटलं, हदारला तिकडे घेऊ नये. तिनं विमानाच्या कंपनीतच राहावं. म्हणजे मी मलिदा करीन.

शैला फ्रिजमध्ये कोथिंबीर शोधत होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे तिकडून भीती नाही.

२५ जानेवारी, रविवार

हदार आली आणि मला मागच्या बागेत घेऊन गेली. किकरला चेंडू धरून ठेवणारा कोणीतरी लागतो. चेंडू कसला, न सोललेला नारळच तो. तो टोकावर उभा करायचा आणि वरून एका बोटानं टेकवून धरायचा. मग ती धावत येते आणि तुमच्या बोटाखालून त्याला लाथ मारते.

मी गुडघ्याखाली उशी घेतली, डोळे मिटले आणि बोट पुढे केलं. पहिल्या दोन वेळा नीट झालं. तिसरा चेंडू पलीकडच्या राजच्या ग्रीनहाऊसमधून आरपार गेला. राज बाहेर येऊन काचेकडे न बघता किती उंच गेला होता तेच विचारत राहिला. लोकांना कशाचं कौतुक वाटेल सांगता येत नाही. काच गिडियन बसवून देणार आहे.

हदार म्हणाली, "नाना, तुमचा हात नाही हलत. खूप चांगला होल्डर आहात." चाळीस वर्षं बसच्या इंजिनांत हात घातला, हलून कसं चालेल. बुधवारी रग्बी क्लबच्या मैदानावर याल का विचारलं. हो म्हटलं. तिला घेऊ नये हे माझं म्हणणं कायम आहे, पण घरच्यांनी मदत केली नाही असं व्हायला नको.

१ फेब्रुवारी, रविवार

भलतंच झालं आहे.

गिडियन स्लाऊला भाजी आणायला निघाला होता. शैलानं त्याला पातळ पोहे आणि दोन नारळ आणायला सांगितले. मी म्हटलं, पोहे कशाला? म्हणाली, हदारची निवड झाली की मलिदा करायचा आहे, तिनं तसा नवस केला आहे.

कधी केलास, म्हणून विचारलं.

"त्याच शुक्रवारी. तुमचं झाल्यावर."

"माझं काय झाल्यावर?"

"सरबत गाळून झाल्यावर," असं म्हणून ती पिशव्या शोधायला गेली.

म्हणजे एकाच घरातून, एकाच संध्याकाळी, एकाच नबीकडे दोन उलटे नवस गेले आहेत. तिला बिचारीला काहीच माहीत नाही. मला मात्र सगळं माहीत आहे, आणि सांगताही येत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

झॅकरीला फोन केला. झॅकरी माझा भायखळ्याच्या शाळेपासूनचा दोस्त. लंडनला बस चालवायचा, मी त्या दुरुस्त करायचो. धर्माचं त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ कळतं. इकडे आपल्या लोकांत मलिदा असला की प्रार्थना तोच म्हणतो.

मी म्हटलं, लायब्ररीत एक गृहस्थ भेटतात, त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं एकमेकांच्या नकळत उलटे नवस केले आहेत. कोणाचा चालेल?

"सॅम्या, हा गृहस्थ तूच ना?"

मी म्हटलं, छे, हा उंच आहे.

झॅकरी म्हणाला, त्या उंच माणसाला सांग, तिकडे बायकांचे अर्ज आधी उघडतात. मग बराच वेळ हसत होता. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

घेतलं तिला.

फोनवर नुसता आरडाओरडा ऐकू आला. मला आधी अपघातच वाटला. निवडीला तीस मुली लाथा मारायला आल्या होत्या आणि एकटी हदार घेतली. मी अभिनंदन म्हटलं. मग बागेत जाऊन कचऱ्याचा ब्राउन बिन उगाच दोनदा हलवला.

तिची ब्रिस्टलची मॅनेजर निवेदिता चांगली बाई दिसते. जागा रिकामी असेल तर परत घेऊ, असं म्हणाली. एवढाच काय तो आधार.

१ मार्च, रविवार

शैलाच्या नवसाचा मलिदा झाला. पोहे मी धुतले, नारळ मी खवले, वेलची मी कुटली. ज्याचा नवस फेटाळला त्यानंच दुसऱ्याच्या नवसाचे पोहे कालवायचे. ताटात मधोमध मलिद्याचा ढीग आणि भोवती खजूर, केळी, सफरचंद, संत्री. झॅकरीनं येऊन प्रार्थना म्हटली. म्हणताना तो दर दोन ओळींनी माझ्याकडे बघत होता.

हदारनं हेल्मेट आणलं होतं. शैलानं त्याच्यावर अक्षता टाकल्यासारखे चार पोहे टाकले. आता त्यातले दोन आत अडकले आहेत.

मी तीन वाट्या खाल्ला. साखरेचं बघू उद्या. माझा नवस निकालात निघाला, त्याचा विचार आता करायचा नाही असं ठरवलं आहे.

३ मे, रविवार. कार्डिफहून आल्यावर

पहिला सामना. गिडियननं एम-फोर हायवेवरून गाडी नेली. सेव्हर्नच्या पुलावर इतका वारा की दार उघडून बाहेर पडू असं वाटलं. मैदानात लोक बरेच होते. हदारच्या पाठीवर आमचं आडनाव लिहिलं आहे. नवगावकर इतकं लांब आहे की एका बगलेतून निघून दुसऱ्या बगलेत संपतं. लाउडस्पीकरवाल्यानं ते प्रत्येक वेळी नव्या पद्धतीनं म्हटलं.

आता जे बघितलं ते लिहितो. बाकीच्या मुली दोन तास एकमेकींवर आदळत होत्या. आमची हदार कडेला उभी. कडेला एक जाळी लावली आहे, तिच्यात ती एकटीच चेंडू मारत होती. मधल्या मुलींना पुढे जाता आलं नाही, सगळे उपाय संपले, की हिला आत बोलवतात. ही येते, एक लाथ मारते आणि पुन्हा बाहेर. चेंडू त्या दोन उंच खांबांमधून गेला की लोक ओरडतात, पण तोपर्यंत ही कडेला गेलेली असते.

नोकरी सोडायला लावली आणि मुलीला राखीव ठेवलं आहे!

संपल्यावर मी तिच्या कोचला गाठलं. ब्रॉनवेन नावाची रुंद खांद्यांची बाई आहे. तिला माझ्या इंग्रजीत सांगितलं, ही इंजिनिअर आहे, हिला खेळायला द्या. ती म्हणाली, आजचे निम्मे पॉइंट तुमच्या मुलीनं केले. बोलायची पद्धत असते एकेकाची.

हदारलाही विचारलं. "तुला राखीव म्हणून घेतलं आहे का गं? सगळं हरलं की मग तुला बोलवतात."

ती हसली. गाडीपर्यंत पोचवायला आली तेव्हा फारसं बोलली नाही. दमली असेल.

३१ मे, रविवार

सामन्याला गेलो होतो. लँटर्न्स जिंकले. आता मला बरंच कळायला लागलं आहे. चार संधी असतात. तीन फुकट गेल्या की किकर येते. शैलाला मी समजावून सांगत होतो, तर पुढच्या रांगेतली वेल्श बाई मागे वळून माझंच ऐकत बसली. मी फक्त हदारच्या हाडांवर लक्ष ठेवायला जातो.

७ जून, रविवार

हरलो. म्हणजे ते हरले.

दोन गुणांनी मागे होते आणि खेळ संपत आला होता. हदारला बोलावलं. खांबांमधून गेला असता तर तीन गुण आणि सामना आपला. लांबून मारायचा होता, पण रग्बी क्लबवर तिनं त्याहून लांबून मारलेला आहे, मी स्वतः चेंडू धरला होता. ती धावली. डावीकडच्या खांबाच्या बाहेरून गेला.

सगळं मैदान गप्प झालं. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी पूर्वी एकदाच बघितली होती, गॅरेज बंद होणार असं सांगितलं त्या दिवशी.

हदारनं हेल्मेट काढलं नाही. जाळीशी उभी राहिली, पाठ आमच्याकडे करून.

९ जून, मंगळवार

हदार घरी आली आहे, मोठी बॅग घेऊन. संघाला या आठवड्यात सामना नाही. आपल्या जुन्या खोलीत झोपून असते, फक्त सिरिअल खायला खाली उतरते.

गिडियननं सांगितलं, लोकांनी फोनवर काहीबाही लिहिलं आहे. तेवढ्यानं ती खचली नसती, पण आता म्हणते, सोडते. निवेदिताकडे एक जागा आहे, हदारचं विचारूनसुद्धा झालं. सोमवारपर्यंत ब्रॉनवेनला काय ते सांगायचं आहे. गिडियनजवळ म्हणाली म्हणे, नाना म्हणाले तेच खरं आहे, मी राखीव आहे, आणि तेही काम मला जमलं नाही.

मी असं काही म्हटल्याचं आठवत नाही.

म्हणजे ती ब्रिस्टलला परत जाणार. विमानाचे पंख करणार. हेच मला हवं होतं. मग आज दुपारी जेवण का गेलं नाही, कोण जाणे. कदाचित वांगं कच्चं होतं.

१२ जून, शुक्रवार

आज सरबत गाळताना सगळं लक्षात आलं आणि हातातलं फडकं पडलं.

मी नवस केला तेव्हा तारीख घातली नव्हती. फेब्रुवारीच्या निवडीपुरतं, असं म्हणालो नव्हतो. तो फेटाळला गेला असं मी धरून चाललो होतो. तो फेटाळला नव्हताच, नुसता रांगेत होता, कौन्सिलच्या घराच्या अर्जासारखा. शैलाचा आधी लागला. आता माझा नंबर आला आहे.

तो चेंडू डावीकडे आपला आपण गेला नाही. मी नेला.

आणि ती नोकरीवर परतली की मला मलिदा करावा लागणार. ती वर रडत असताना मी खाली नारळ खवू?

झॅकरीला फोन केला. शब्बाथ लागायला थोडा वेळ होता, म्हणून भराभरा सांगितलं. या वेळी लायब्ररीचा गृहस्थ मध्ये आणला नाही. तो हसला नाही, ही त्याची मोठी गोष्ट. म्हणाला, नवस सोडवता येतो. तीन माणसं न्यायाला बसतात. आपण त्यांच्यासमोर उभं राहून नवस मोठ्यानं सांगायचा. करताना काय माहीत नव्हतं, जे माहीत असतं तर केलाच नसता, ते सांगायचं. मग तिघांनी तीन वेळा मोकळा म्हटलं की सुटला. नातेवाईक चालतात.

मी म्हटलं, शैलाला आणि हदारला कळता कामा नये. म्हणाला, मी भाच्याला घेऊन येतो, तिसरा गिडियन. रविवारी कर.

१४ जून, रविवार

शैला मिरियमबरोबर बाजारात गेली. हदार वर झोपलेली. बैठकीत तीन खुर्च्या मांडल्या. झॅकरी आला, एकटाच. रेल्वेचं काम चालू असल्यामुळे बदली बस होती आणि भाचा बदली बसमध्ये बसायला तयार नाही. दोघांवर भागत नाही. राजला बोलवावं का, असं गिडियननं विचारलं. झॅकरी म्हणाला, राज भला माणूस आहे, पण आपला नाही.

तेवढ्यात हदार खाली आली, हातात सिरिअलचा वाडगा घेऊन. तीन खुर्च्या आणि समोर उभा असलेला मी, हे बघून काय चाललंय म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, खुर्च्या पुसतोय. गिडियनला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, पप्पांना एक नवस सोडवायचा आहे, तिसरा माणूस मिळत नाही.

"मी बसते," असं म्हणून ती तिसऱ्या खुर्चीत बसली आणि खायला लागली.

मी झॅकरीकडे बघितलं. बायका चालत नाहीत असं तो म्हणेल, अशी माझी आशा होती. तो दाढी खाजवत राहिला. मग म्हणाला, "इथे बायका धर्मग्रंथ तोरा वाचतात, मग हे काय मोठं आहे? तिघे झाले. सांग, सॅम्या, काय नवस केला होतास?"

समोर न्याय बसल्यावर पळता येत नाही.

"हदारला घेऊ नये, असा."

तिचा चमचा थांबला. "कुठे घेऊ नये?"

"कार्डिफला. तू विमानाच्या कंपनीतच राहावं, असा. जानेवारीत केला. तारीख घालायची राहिली."

गिडियन छताकडे बघत होता. झॅकरीनं सावकाश विचारलं, करताना तुला काय माहीत नव्हतं?

मी तयार करून ठेवलेलं उत्तर विसरलो. तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, "मला वाटलं, खेळ आहे तिचा. ब्रिस्टलला एकदा हिचं पंखाचं गणित चुकलं होतं, तेव्हा हिनं पिझ्झा मागवला आणि झोपली. परवा एक चेंडू चुकला तर हिनं हेल्मेट काढलं नाही. हे मला माहीत नव्हतं. आणि अख्खं मैदान गप्प झालं. राखीव माणूस चुकला तर कोणी गप्प होत नाही. लोक चहा पीत राहतात."

हदार माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वाडग्यातलं सगळं भिजून लगदा झालं होतं. मग ती झॅकरीकडे वळली.

"अंकल, म्हणजे किक मी चुकले, की नानांनी चुकवला?"

"या न्यायासनापुढे तो खटला नाही," झॅकरी म्हणाला.

तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळं. गिडियनही हसायला लागला. मी उभाच होतो, कारण मोकळा म्हणेपर्यंत बसायचं नसतं. मग झॅकरीनं तीनदा म्हटलं, गिडियननं तीनदा म्हटलं. हदारनं दोनदा म्हटलं आणि थांबली. एवढ्यात दार उघडून शैला पिशव्या घेऊन आत आली आणि हदारनं तिसऱ्यांदा म्हटलं.

शैलानं खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सोडलंत का एकदाचं?"

बहुतेक साखरेबद्दल विचारत होती. मी हो म्हटलं.

१५ जून, सोमवार

सकाळच्या ट्रेननं हदार गेली. काय ठरवलं ते कोणालाच सांगितलं नाही. मळक्या कपड्यांचा ढीग ठेवून गेली. बूट मात्र घेऊन गेली.

१७ जून, बुधवार

गिडियनला निरोप आला. तिनं निवेदिताला नको म्हणून कळवलं. शैलानं ऐकलं आणि सगळ्यांना चहा केला, माझ्याही कपात साखर घातली.

२८ जून, रविवार. कार्डिफहून आल्यावर

मोसमातला शेवटचा सामना. झॅकरीलाही नेलं. त्यानं मला आपल्या आणि शैलाच्या मध्ये बसवलं. म्हणाला, तुझं तोंड हललं की मला दिसलं पाहिजे. मी ओठ घट्ट मिटून बसलो. काही मागायचं नाही, काही द्यायचं कबूल करायचं नाही. पाऊण तास असं बसून बघा म्हणजे कळेल.

पहिल्यांदा हदारला बोलावलं तेव्हा मैदानावर आडवा वारा होता. ती धावली, मारला, आणि चेंडू उजव्या खांबाला लागून बाहेर गेला. लोकांनी हाय हाय केलं. झॅकरीनं माझ्याकडे बघितलं. मी हात वर केले. मी काहीही केलं नव्हतं. माझ्या नावावर कुठे काही शिल्लक नव्हतं. चेंडू तिचा होता आणि ती चुकली होती, बस्. पाच महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली ती वेल्श बाई माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, जणू मी दुसऱ्या संघाचा आहे.

हदार कडेला गेली. हेल्मेट काढलं, पाणी प्याली, आणि जाळीत पुन्हा मारायला लागली.

शेवटाकडे पुन्हा वेळ आली. गुण बरोबरीत होते. त्या लाउडस्पीकरवाल्यानं नवगावकर म्हटलं, आणि मैदान आपोआप गप्प झालं, तिनं अजून काही केलंसुद्धा नव्हतं. शैलानं माझा हात धरला होता की मी तिचा, ठाऊक नाही. मी डोळे उघडे ठेवले. गेला. खांबांच्या अगदी मधून, वर वर जात, मागच्या झाडांत.

त्यानंतरचा आरडाओरडा लिहिता येणार नाही. झॅकरीची टोपी हरवली.

कुंपणापाशी हदार आली. घाम आणि चिखल, आणि हनुवटीला कोणाची तरी लिपस्टिक लागलेली. मला वाटलं, शेवटच्या किकचं बोलेल. ती म्हणाली, "नाना, पहिला किक बघितला ना? खांबाला लागला तो? तो माझा होता. पूर्ण माझा."

मी म्हटलं, हो, पूर्ण तुझा. आम्ही कोणी त्यात नव्हतो.

मग तिनं सांगितलं, पुढच्या वर्षीची सही तिनं सकाळीच केली आहे, सामन्याच्या आधी. हरलो असतो तरी ती झालेलीच होती. ब्रॉनवेन मागून येऊन तिला उचलून घेऊन गेली.

परतताना पुलावर गाडी वाऱ्यानं पुन्हा हलत होती. झॅकरी झोपला होता. तो पहिला चेंडू जरा डावा धरून मारला असता तर वाऱ्यानं आपोआप आत आणला असता. उद्या तिला फोन करून सांगितलं पाहिजे. तिकडे झेंडा लावलेला असतो, तो बघायची सवय हवी. पुढच्या वर्षी समुद्राकाठच्या मैदानांवरही सामने आहेत म्हणे, मग तर विचारायलाच नको.

शैला म्हणाली, "आता कसली काळजी करताय?"

म्हटलं, वाऱ्याची.